न्यायमूर्तींचे दप्तर दिल्लीत, आपले रद्दीत

गेल्या वैशाखातली गोष्ट. चिंचवडमधील एका जुन्या बंगल्याच्या पुनर्विकासाचे काम निघाले होते. बंगल्याचे मूळ मालक दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले आणि पुढील वीस-बावीस वर्षे एका शिक्षण संस्थेचे विश्वस्त राहिलेले गृहस्थ. त्यांना जाऊन बराच काळ लोटला, मुले परदेशी स्थिरावली, बिल्डरला जागा मोकळी करून देण्याची तारीख ठरली. सकाळी शाखेवरून परतताना दारात रद्दीवाल्याची हातगाडी उभी दिसली. वर्तमानपत्रांच्या थप्प्यांखाली कापडी बासने होती. एका बासनावर शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : 'शाळा, १९६३ ते १९६८'. मी थांबलो. रद्दीवाला अनुभवी होता. तो म्हणाला, "काका, पेपरचा भाव वेगळा, या जुन्या कागदाचा वेगळा. हा फार पिवळा पडलाय, याला काही मिळत नाही." पहिली खेप सकाळीच गेली होती. गाडीवर उरलेली दोन बासने मी त्याच्या भावाने विकत घेतली.

त्यांत काय निघाले? विश्वस्त मंडळाच्या सभांची कच्ची टिपणे, शाळेच्या जागेसंबंधीचा पत्रव्यवहार, आणि पिंपरीच्या कारखान्यांतील कामगारांनी शाळेच्या इमारतीसाठी दिलेल्या एक-एक, दोन-दोन रुपयांच्या देणग्यांच्या पावत्यांच्या स्थळप्रती. आणि आणखी एक कागद. एका शिक्षकाला सेवेतून दूर करण्याच्या ठरावावर या गृहस्थांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले होते. तीन पाने, आखीव ताव, न्यायालयीन शिस्तीची भाषा : आरोप काय, पुरावा काय, संबंधिताला बाजू मांडण्याची संधी दिली का. त्याच संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तो ठराव 'एकमताने' झाला असे छापलेले आहे. स्मरणिका आर्ट पेपरवर आहे, रंगीत छायाचित्रांसह आहे आणि गावातील शेकडो घरांत आहे. विरोधी मताची ती तीन पाने मात्र त्या हातगाडीवरून कागद गिरणीच्या वाटेला लागली होती.

हे वाचताना मला एक मोठे नाव आठवत राहिले. तेही न्यायाधीश होते, तेही विद्यापीठाचे विश्वस्त होते, आणि त्यांनी मात्र आपला कागद न कागद राखला. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव परिसरातील किती तरी महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. त्यांच्या नावाचे ग्रंथालय गणेशखिंडीच्या आवारात उभे आहे. आपल्या मुलामुलींनी तिथे अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून पहाटे रांगा लावल्या आहेत. जयकर म्हणजे ग्रंथालय, एवढीच त्यांतील बहुतेकांची समजूत. जयकरांचा खासगी कागदपत्रसंग्रह नवी दिल्लीत जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सांगायचे कोणी? ज्यांनी सांगायचे त्या आपल्यालाच ते ठाऊक नसते.

जयकर कोण होते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण थोडक्यातही ते आता कुठे सांगितले जात नाही. जन्म १८७३, मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातला. १९०५ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली. १९१९ साली जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने पंजाबच्या चौकशीसाठी जी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. या समितीने काय केले? सभा गाजवल्या नाहीत. तिने सतराशेहून अधिक लोकांचे जबाब तपासले, त्यांतील सुमारे साडेसहाशे निवडले आणि १९२० च्या मार्चमध्ये अहवाल दिला. जनरल डायर राक्षस होता हे ओरडून सांगणारे त्या काळात पुष्कळ होते. तो काय करून बसला हे नाव, गाव आणि वेळ यांसह कागदावर आणणारे थोडे होते. इंग्रजांच्या स्वतःच्या हंटर समितीच्या अहवालासमोर ठेवायला आपल्याकडे काही असू शकले, ते या थोड्यांमुळे.

पुढे जयकर स्वराज्य पक्षाचे मुंबई कायदेमंडळातील नेते झाले. १९२५-२६ मध्ये न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकारितेच्या वाटेने पक्षाबाहेर पडले. नंतर मध्यवर्ती कायदेमंडळात गेले, गोलमेज परिषदांना गेले, १९३७ साली नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९३९ पासून प्रिव्ही कौन्सिलच्या न्याय समितीवर होते. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि जयकर हे त्या पहिल्या फेडरल कोर्टाचे तीन न्यायाधीश. आजच्या सर्वोच्च न्यायालयाची पूर्वपीठिका ती हीच. १९४२ साली मुंबई सरकारने महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या प्रयत्नातून १९४९ च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. गव्हर्नरच्या पावसाळी निवासाची ती प्रशस्त वास्तू विद्येच्या हाती आली, आणि १९५६ पर्यंत जयकरांनी तिचा संसार उभा केला. १९५९ च्या मार्चमध्ये ते गेले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जयकरांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. त्याचा पहिला खंड १९५८ साली निघाला आणि १९२२ पर्यंत आला. दुसरा १९५९ साली निघाला आणि १९२५ वर थांबला. पुढे लेखणीही थांबली. म्हणजे १९३० ची येरवड्याची शिष्टाई, गोलमेज परिषदा, पुणे करार, फेडरल कोर्ट, घटना समिती आणि विद्यापीठ, ज्या गोष्टींसाठी महाराष्ट्राने त्यांना आठवायचे त्यांतील एकही त्यांच्या आत्मचरित्रात नाही. १९२५ नंतरचे जयकर त्यांच्या कागदांत आहेत. तो संग्रह रद्दीत गेला असता, तर आयुष्याची शेवटची चौतीस वर्षे इतरांनी त्यांच्याविषयी जे लिहिले तेवढीच उरली असती. आणि इतर काय लिहितात हे आपण पाहतोच.

स्वातंत्र्योत्तर काळात दिल्लीच्या विद्यापीठांतून जो इतिहास घडवला गेला, त्यात माणसांना आधी खण नेमून दिले आणि मग त्या खणांत कोंबले. हा नेमस्त, तो जहाल, हा राष्ट्रीय, तो जातीयवादी. जयकर कोणत्याच खणात मावत नाहीत. ज्या जिनांबरोबर ते १९२० साली गांधीजींशी मतभेद होऊन होमरूल लीगमधून बाहेर पडले, त्याच जिनांच्या मागण्यांना १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत त्यांनी हिंदुमहासभेच्या बाजूने उभे राहून स्पष्ट विरोध केला. ज्या गांधीजींच्या असहकाराशी त्यांचे पटले नाही, त्या गांधीजींशी व्हाइसरॉयचे जमवून देण्यासाठी १९३० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सर तेजबहादूर सप्रू यांच्यासह ते तुरुंगाच्या पायऱ्या झिजवत होते. त्या ऑगस्टमध्ये मोतीलाल आणि जवाहरलाल यांना नैनीच्या तुरुंगातून येरवड्याला आणले गेले आणि तुरुंगाच्या भिंतीआड वाटाघाटी झाल्या. त्या वेळी फिसकटले. १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, तेव्हा पडद्यामागे पुन्हा हेच दोघे आणि श्रीनिवास शास्त्री होते. वेदान्तावरचा आपल्या आजोबांचा, वासुदेव कीर्तिकरांचा, ग्रंथ संपादून प्रसिद्ध करणाराही हाच बॅरिस्टर. अशा माणसाला कोणत्या खणात ठेवणार? सोपा उपाय म्हणजे तळटीपेत ठेवणे. तो उपाय झाला.

परंतु दिल्लीकर इतिहासकारांना दोष देऊन हात झटकणे फार सोपे आहे, आणि ते आपण पुष्कळ केले. प्रश्न असा की जयकरांचा संग्रह ज्या इमारतीत आहे तिथे कोणाला मज्जाव आहे काय? नाही. तिथे नामदार गोखल्यांचे कागद आहेत. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांच्या रोजनिश्या आहेत. टिळकपर्वाचा असा तपशीलवार, दिवसागणिक साक्षीदार दुसरा क्वचितच सापडेल. तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात, ज्याचे नाव २०२३ साली पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय असे झाले, डॉ. मुंजे यांचे, सावरकरांचे आणि हिंदुमहासभेचे कागद आहेत. ते वाचले गेले नाहीत असे नाही. वाचले गेले आहेत. डॉ. मुंजे यांच्या रोजनिशीतली पाने घेऊन एका इटालियन विदुषीने २००० साली मुंबईच्या एका नामांकित इंग्रजी साप्ताहिकात लेख लिहिला, तेव्हा आपल्याकडे किती खळबळ उडाली हे जुन्या वाचकांना आठवत असेल. निषेधाची पत्रे निघाली, अग्रलेख निघाले. तिने कोणती पाने घेतली आणि कोणती सोडली, हे सांगण्यासाठी ती रोजनिशी अथपासून इतिपर्यंत वाचलेला माणूस पुढे उभा करावा लागतो. तिकीट काढून दिल्लीला जाऊन, पेन्सिल आणि वही घेऊन तीन महिने बसावे लागते. तो खर्च आपण एका शोभायात्रेच्या मंडपावर करतो.

आपल्या माणसांचे कागद आपल्यावर टीका करणाऱ्यांनी वाचले आणि आपण त्यांच्या तसबिरींना हार घातले, ही वस्तुस्थिती आहे. ती कडू वाटली तर वाटू द्यावी.

चिंचवडकरांना तर हे अधिक बोचले पाहिजे. आपल्या गावचे दामोदरपंत चापेकर १८९८ च्या एप्रिलमध्ये फासावर गेले. त्यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त आज वाचता येते ते कशामुळे? कोणा नातलगाने किंवा सहकाऱ्याने जपले म्हणून नव्हे. ते इंग्रजांच्या सरकारी दप्तरात जाऊन पडले आणि दप्तर राखणे ही त्या सरकारची सवय होती, म्हणून. ज्यांनी त्यांना फाशी दिली त्यांनीच त्यांचे शब्द सांभाळले. मोरया गोसावींच्या देव घराण्याचा आणि देवस्थानाच्या इनामांचा सविस्तर अभ्यास 'चिंचवडचे देव' अशा अर्थाच्या नावाने १९८९ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला, लेखक लॉरेन्स प्रेस्टन. मंगलमूर्तींच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी तो पाहिला आहे, हा प्रश्न मी एका बैठकीत विचारला. नंतर चहा आला आणि विषय बदलला.

असे म्हणतात की कागद जपणे हा सरकारचा, विद्वानांचा उद्योग. उद्योगनगरीतल्या माणसाला त्याचे काय? येथे जयकरांचेच एक उदाहरण पुरेसे आहे. १९२७ साली केंद्र सरकारने रस्तेविकासासाठी एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष जयकर. रस्ते ही केवळ जिल्ह्याची किंवा प्रांताची बाब नाही, तो राष्ट्राच्या हिताचा विषय आहे आणि त्यासाठी पैसा मोटारींच्या इंधनावरूनच उभा राहिला पाहिजे, असे या समितीचे म्हणणे. दर गॅलन पेट्रोलमागे दोन आणे जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, ही तिची शिफारस. १९२९ साली त्यातून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. २००० साली त्याला स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान मिळाले, २०१८ साली त्याच्या नावात पायाभूत सुविधा आल्या. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांच्या रांगेत तास-तास अडकून पडणारा आपला बंधू पंपावर जे पैसे मोजतो, त्यातल्या एका उपकराचे मूळ या बॅरिस्टरच्या अहवालात आहे. निधी मूळ कोणत्या हेतूने, कोणत्या अटींवर मागितला होता हे ज्याला वाचून माहीत आहे, तो नागरिक अधिकाऱ्यासमोर वेगळ्या सुरात बोलतो. ज्याला माहीत नाही तो फक्त हॉर्न वाजवतो.

आणखी एक प्रसंग, समरसतेच्या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यात झालेल्या पुणे करारावर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत जयकर आहेत. पुढे ते घटना समितीवर निवडून गेले. १९४६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला तेव्हा, मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत तो तहकूब ठेवावा, अशी दुरुस्ती जयकरांनी सुचवली. सभागृहाला ती रुचली नाही. मलाही, खरे सांगायचे तर, पूर्णपणे रुचत नाही. लीग येणार नव्हती हे तोपर्यंत दिसू लागले होते. पण बहुमताच्या लाटेत एकट्याने उभे राहून कारणे देणारा माणूस मला त्या चिंचवडच्या विश्वस्तांइतकाच जवळचा वाटतो. १९४७ साली जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास बंगालची फाळणी झाल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तिथली जागा गेली होती. राजेंद्रबाबूंनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना मुंबईतून निवडून पाठवण्याचा आग्रह धरला आणि जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा घटना समितीत आले. पुढच्याच महिन्यात ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हा क्रम आपल्याला आज सांगता येतो तो पत्रे उरली म्हणून. एक पत्र कुठल्याशा कार्यालयाच्या साफसफाईत गेले असते, तर या जागेच्या कथेत कोणी काय घुसडले असते हे सांगता येत नाही.

एक आक्षेप घराघरांतून ऐकू येतो, त्याची दखल घेतली पाहिजे. "कागदांत नको ते निघते." वडिलांचे कोणाशी झालेले भांडण, आजोबांनी कोणाविषयी लिहिलेले वावगे वाक्य, संस्थेतले हेवेदावे. बाहेर गेले तर घराण्याची, संस्थेची, प्रसंगी संघटनेची शोभा होईल, म्हणून जाळलेले बरे. हा विचार करणारी माणसे वाईट नसतात, जपणारी असतात. पण त्यांनी एवढे पाहावे की अभिलेखागाराला कागद देणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. देणाऱ्या कुटुंबाला अट घालता येते : अमुक पत्रे पंचवीस वर्षे उघडू नयेत, अमुक रोजनिशी संबंधित व्यक्ती हयात असेतोवर दाखवू नये. माझ्याकडे आलेल्या त्या शिक्षकाच्या प्रकरणाचे नाव मी येथे दिलेले नाही आणि देणारही नाही. त्याचे कुटुंब याच गावात आहे. तरीही तो कागद जाळण्याचा अधिकार मला नाही. न्यायाधीश आपल्या पक्षाला गैरसोयीचा पुरावा खटल्यातून काढून टाकत नाही. जयकरांच्या संग्रहाची किंमतही त्यातच आहे की तो एका बाजूचा नाही. गांधीजी, सप्रू, केळकर, मुंजे अशा परस्परविरोधी माणसांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. फक्त कौतुकाची पत्रे उरलेला संग्रह ही स्मरणिकाच असते.

कायद्याचीही एक अडचण आहे. १९९३ चा केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायदा आणि त्याच धर्तीवरचा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा, दोन्ही मुख्यतः सरकारी कागदांसाठी आहेत. सरकारी फाईल नष्ट केली तर शिक्षेची तरतूद आहे. खासगी घरातला, खासगी विश्वस्त संस्थेतला कागद मात्र मालकाच्या मर्जीवर. राष्ट्रीय अभिलेखागार देणगीने किंवा खरेदीने तो स्वीकारू शकते, परंतु मागायला ते चिंचवडच्या प्रत्येक बंगल्याच्या दारात येणार नाही. आणि आपल्या या पट्ट्यात घडले ते बहुतेक खासगीच घडले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिनचा कारखाना उभा केला, साठच्या दशकात आकुर्डी-पिंपरीत मोटारींचे मोठे कारखाने आले, नव्वदनंतर चाकणची माळराने औद्योगिक वसाहतीखाली गेली. मराठवाड्यातून, विदर्भातून, केरळातून, पंजाबातून माणसे आली आणि त्यांनी शाळा, भजनी मंडळे, पतपेढ्या, कामगार संघटना, देवळे काढली. या सर्वांची इतिवृत्ते, करारपत्रे, वर्गणीच्या वह्या घरोघर माळ्यांवर आहेत. चाकणच्या ज्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या हरकती, मोबदल्याचे अर्ज, वकिलांच्या टाचणांच्या फाईली आहेत. चाकणचा किल्ला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला हे आपण पोवाड्यांतून ऐकतो. त्याच चाकणने १९९० नंतर काय दिले आणि काय मिळवले, हे सांगणारा कागद मात्र सध्या पत्र्याच्या पेटीत वाळवीची वाट पाहत आहे.

राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले ते खेडोपाडी वाड्यांच्या माळ्यांवर चढून. पुणे विद्यापीठाच्या आरंभीच्या कुलगुरूंत दत्तो वामन पोतदारांसारखा इतिहास संशोधक मंडळात घडलेला माणूस होता. ही परंपरा आपली आहे. त्यात परदेशी काहीच नाही. काम अवघडही नाही. एखाद्या घरातून बासन आले की प्रथम ते जसे आहे तसे ठेवावे. मालकाने लावलेला क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता हीही माहिती असते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. फाटल्या जागी चिकटपट्टी कदापि लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होतो आणि अक्षरे खातो. लॅमिनेशन करू नये; ते कागदाचे मढे गुंडाळणे आहे. आम्लविरहित कागदाचे वेष्टन मिळाले तर उत्तम, नाही तर स्वच्छ धुतलेले, न रंगवलेले सुती कापड. पेशवे दप्तरातले रुमाल तेच काम दीर्घकाळ करीत आले. मग प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, कोणी कोणाला, दोन ओळींत विषय. एवढी यादी झाली की संग्रह जगला. छायाचित्रे नंतर काढता येतात.

विद्यापीठाकडे एकच मागणे आहे. ज्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे त्यांच्या दिल्लीतील संग्रहातून पुणे विद्यापीठाच्या स्थापनेचा आणि जयकरांच्या कुलगुरुपदाचा पत्रव्यवहार निवडून, संपादून, मराठी प्रस्तावनेसह छापावा. विद्यापीठाने २०२४ साली पंच्याहत्तर वर्षे पूर्ण केली. मराठी भाषकांचे विद्यापीठ म्हणून त्या माणसांनी काय कल्पिले होते, मातृभाषेतून शिक्षणाविषयी त्यांच्यात काय वाद झाले, हे वाचण्याचा हक्क चाकण-नारायणगावच्या विद्यार्थ्याला आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ पासून 'अभिलेख पटल' या नावाने आपल्या सूची संगणकावर खुल्या केल्या आहेत, तेव्हा दिल्ली दूर असल्याची सबबही उरलेली नाही. इतिहास विषयात पीएच. डी. करणाऱ्या आपल्या परिचित मुलामुलींपैकी एकाने जरी मार्गदर्शकाकडे हा विषय मागितला तरी सुरुवात होते. त्याच्या दिल्लीतील तीन महिन्यांच्या राहण्याची सोय करायला आपली कुटुंबे असमर्थ नाहीत. आपल्याकडे घरोघर जेवणाचे डबे गोळा करण्याची परंपरा कशासाठी आहे?

येत्या चातुर्मासात निगडी, चिंचवड आणि भोसरी या तीन भागांतील काही कार्यकर्त्यांनी रविवारी सकाळचे दोन तास या कामाला द्यायचे ठरवले आहे. ज्यांच्या घरी पुनर्विकास आहे, स्थलांतर आहे, घरातील वडीलधारे नुकतेच गेले आहेत, त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी शाखेवर किंवा शेजारच्या कार्यकर्त्याकडे एक निरोप द्यावा. कागद घेऊन जाण्याची घाई कोणी करणार नाही. तुमच्याच घरात, तुमच्या समोर बसून यादी होईल. मूळ कागद कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवायचे.

माझ्याकडील दोन बासनांपैकी पहिल्याची यादी झाली आहे, एकशे त्रेचाळीस कागद. दुसऱ्याच्या वरच शाळेच्या पावतीपुस्तकाची स्थळप्रत आहे. पहिली पावती दीड रुपयाची, देणाऱ्याच्या नावापुढे 'फिटर, रात्रपाळी' असे लिहिलेले.